चौदा तासांवरचा मुलगा

दातांच्या कवळ्या करणाऱ्या त्या माणसाला कामावर सगळे ‘बत्तीशी’ म्हणत. दिवसभर तो लोकांच्या बत्तीशा घडवायचा आणि स्वतःची मात्र सणसणीत विनोद झाला तरच दाखवायचा, म्हणून हे नाव. त्याला ते लागत नसे. निदान लागलेलं तो दिसू देत नसे.

दातांच्या दवाखान्याला लागून एक अरुंद जिना होता, आणि जिन्याच्या वर दोन खोल्या. पहिलीत प्लास्टरचं काम, दुसरीत मेणाचं. खालून डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवायचे. बत्तीशी त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, त्याच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायचा आणि तिच्यात एकेक दात रोवत जायचा. खिडकीखालच्या फळीवर पांढरेफटक जबडे वाळत पडलेले असत. कुणी नवा माणूस आत आला की दचकायचाच. बत्तीशी मान वर न करता म्हणायचा, “या, या. यातला एकही चावत नाही.” इतक्या वर्षांत विनोद एवढाच, पण चालायचा.

हात चांगला होता त्याचा. डॉक्टर म्हणायचे, याने केलेली कवळी तोंडात घातली की म्हातारा माणूस आधी आरसा मागतो आणि मग खायला. पण हाताला जेवढी सफाई, तेवढीच जिभेला धास्ती. कुणाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली की त्याच्या घशाला कोरड पडे. मग ‘नाही’च्या जागी तो एखादी सबब ठेवून द्यायचा. पाठ धरली आहे. पाहुणे येणार आहेत. फोन बिघडला होता. या सबबींनी कुणाचं काही वाईट होत नाही, उलट समोरच्याच्या मनाला धक्का लागत नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

त्याची आई दूरच्या दुसऱ्या शहरात राहायची. वडील गेल्यावर त्याने तिला आपल्याकडे बोलावून पाहिलं होतं. “तुझ्या घरात मी पाहुणी, माझ्या घरात मी मालकीण. कोण सोडेल?” असं म्हणून तिने विषय संपवला होता. मग तोच वर्षातून दोनदा तिच्याकडे जायचा.

ते जाणं म्हणजे एक दिव्य होतं. नकाशावर दोन्ही शहरांमध्ये सरळ रेघ ओढली तर ती काही फार लांब नव्हती. पण विमानं रेघ बघून उडत नाहीत, प्रवासी बघून उडतात. त्यामुळे आधी भलत्याच दिशेला तीन तास उडून एका अवाढव्य विमानतळावर उतरायचं, तिथे पाठ मोडणाऱ्या खुर्चीवर आठ तास ताटकळायचं, आणि मग दुसऱ्या विमानात बसून पुन्हा तीन तास उलटं यायचं. गावाला वळसा म्हणतात तो हाच. चौदा तासांनी आईच्या दारात उभा राहिला की त्याचा चेहरा पिळून काढलेल्या फडक्यासारखा झालेला असे.

आई दार उघडून आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. मग हातातली बॅग काढून घ्यायची. टबात गरम पाणी तयारच असे. “पाय बुडव आधी. बोलू नंतर.” तो पाय सोडून बसला की ती समोरच्या स्टुलावर बसून विचारायची, “आठ तास कुठे बसलास? काही खाल्लंस का? शेजारी कोण होतं?” आणि तो सांगायचा. आपल्या दगदगीची इतकी बारीक चौकशी करणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. पहिला दिवस ती त्याला नुसता झोपू द्यायची. शेजारचे निवृत्त पोस्टमनकाका भेटायला आले तर त्यांनाही दारातूनच परतवायची. “चौदा तास प्रवास करून आलाय. उद्या या.”

मग एक सरळ विमान सुरू झालं. सकाळी पावणेदहाला आईच्या शहरातून सुटायचं आणि साडेबाराला याच्या शहरात पोचायचं, उलटंही तसंच; दुपारी आणखी एक फेरी असायची. पावणेतीन तास. बत्तीशीने पहिल्यांदा त्यातून प्रवास केला तेव्हा त्याला फसवल्यासारखंच वाटलं होतं. डोळा लागतो न लागतो तोच चाकं जमिनीला टेकली. हे आईला सांगायचं, तिला केवढं आश्चर्य वाटेल, असं ठरवतच तो जिना चढला.

आईने दार उघडलं. चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “या वेळी बरा दिसतोस. झोप मिळाली वाटतं?” आणि तिने बॅग घेतली. टबातून वाफा येत होत्या.

त्या वाफांकडे बघत त्याने पाय पाण्यात सोडले. उद्या सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. पाणी फार छान होतं. दुसऱ्या दिवशी सांगायला गेला तर आदल्या दिवशीचं पाणी आडवं आलं. तिसऱ्या दिवशी निघताना आई म्हणाली, “दुपारीच निघ रे बाबा, उद्या कामावर पोचायला हवं ना तुला,” आणि तो निघाला. संध्याकाळी तो आपल्या घरी सोफ्यावर लोळत मॅच बघत होता. त्याच वेळी आईच्या हिशेबात तो कुठल्याशा खुर्चीवर मान वाकडी करून डुलक्या काढत होता.

खोटं बोललेलं त्याला आठवत नव्हतं. तो फक्त गप्प राहिला होता. पण गप्प राहिलेलं माणसाला निस्तरावं लागतंच. पुढच्या खेपेला आईने विचारलं, “आठ तास कुठे बसलास?” तेव्हा तो म्हणाला, “नेहमीच्याच जागी.” त्याच्या पुढच्या खेपेला त्याने एक शेजारी बसलेला घोरणारा माणूसही रचून सांगितला. आई पोट धरून हसली.

बायकोला हे कळलं तेव्हा ती इस्त्रीच्या कपड्यांची चळत लावत होती. ती इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. चादरी आणि माणसं, दोन्हीच्या घड्या तिला बरोबर कळत.

“म्हणजे आईंना अजून वाटतं की तुम्ही चौदा तास जाता?”

“सांगणार आहे. पुढच्या वेळी.”

“त्यात अवघड काय आहे? नवीन विमान निघालं, इतकंच तर सांगायचंय.”

“तेव्हाच सांगितलं असतं तर सोपं होतं. आता विचारेल, कधीपासून?”

“मग?”

“मग काय सांगू?”

बायकोने एक चादर चळतीवर आपटली. “एक सांगते. ही तुमची सबब नाही, ही सोय आहे. लांब आहे म्हटलं की कमी जावं लागतं.”

तो चिडला, कारण तिने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. पोस्टमनकाकांनी तिला दवाखान्यात नेलं आणि तिथूनच फोन लावून दिला. बत्तीशीच्या टेबलावर त्या आठवड्यात एका वृद्धाश्रमाची मोठी ऑर्डर पडली होती. डॉक्टर दिवसातून दोनदा जिना चढून येत होते. “आई, मी येतो,” एवढं तो म्हणाला, पण ‘येतो’ म्हणताना त्याचा आवाज जरासा ओढला गेला असावा. आईला तेवढं पुरलं.

“नको, नको. मनगटच आहे, मान नाही. त्यासाठी चौदा तास यायचं आणि चौदा तास जायचं? वेडा आहेस का?”

“तसं नाही, आई—”

“मला बरं वाटणार नाही तू त्या खुर्चीवर बसलेला. काका आहेत ना इथे. ठेव आता.”

त्याने फोन ठेवला. त्या वेळी सकाळचे नऊ वाजले होते. दुपारच्या विमानात बसला असता तर दिवे लागायच्या आत तो तिच्या उशाशी असता. हे त्याला माहीत होतं. त्याने मेणकामाचा चाकू दिव्यावर धरला, मेण वितळलं, आणि त्याने काम पुढे चालू केलं. त्या दिवशी बसवलेला एक दात वाकडा गेला. डॉक्टरांनी तो परत पाठवला.

पुढे त्याला अधूनमधून त्या सकाळची आठवण यायची. ती आली की तो उठून हात धुवायचा. साबण लावून, कोपरापर्यंत. बायको बघायची.

या वर्षी तर कमालच झाली. दवाखान्याने नवीन मशीन घेतलं होतं, ते शिकायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला जायचा कंटाळा आला होता. आईचं घर, तोच जिना, तेच प्रश्न, आणि त्या प्रश्नांना रचून द्यायची उत्तरं. उत्तरांचाच कंटाळा जास्त. त्याने फोनवर सांगितलं, “आई, या वर्षी नाही जमणार बहुतेक. पाठ धरते. एवढा प्रवास आता झेपत नाही.”

आई म्हणाली, “बरं. पाठीला शेक घे.”

यानंतर दोनेक आठवड्यांनी, भर दुपारी, बत्तीशी प्लास्टर कालवत असताना फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून त्याने फोन कानाशी खांद्याने दाबून धरला.

“नमस्कार. मी विमानतळावरून बोलतेय. आपल्या आई आमच्या विमानात आहेत.”

“कुणाच्या आई?”

“आपल्या. त्यांच्या पर्समध्ये हा नंबर होता. विमान उतरून अर्धा तास झालाय. सगळे प्रवासी गेले. पण आई उतरायला तयार नाहीत.”

कुणीतरी थट्टा करत असावं असं त्याला वाटलं. आईने आयुष्यात विमानात पाय ठेवला नव्हता. “का?” त्याने विचारलं.

ती मुलगी जरा अडखळली. “त्या म्हणतात की माझा मुलगा चौदा तासांवर राहतो, आणि आत्ताशी जेमतेम तीन तास झालेत. तुम्ही मला मध्येच कुठेतरी उतरवताय. आम्ही त्यांना बोर्ड दाखवला, बाहेरचा विमानतळ दाखवला. सीटचा पट्टा सोडायलाच तयार नाहीत. सफाईवाले खोळंबलेत, साहेब. जरा बोलता का?”

प्लास्टर घमेल्यात घट्ट होत चाललं होतं. फोनमधून खरखर ऐकू आली आणि मग आईचा आवाज, नेहमीपेक्षा बारीक आणि दबका, जसा परक्या लोकांत असताना होतो तसा.

“बाळा? हे लोक म्हणतात की आलं. मला फसवत तर नाहीत ना रे? मध्ये विमान बदलायचं असतं ना? ते कुठे झालं? आठ तास बसायचं असतं, ते पण नाही झालं. मी म्हटलं, माझ्या मुलाला विचारा, त्याला सगळं माहीत आहे.”

बत्तीशीने बरबटलेल्या हातानेच फोन नीट धरला.

“बाळा, आलं का?”

“हो, आई. आलं,” तो म्हणाला. “उतर.”

“पण तू तर—”

“उतर, आई. मी आलोच घ्यायला.”

“बरं,” आई म्हणाली. तिने पुढे काही विचारलं नाही. त्याने सांगितलं म्हणून ती उतरली.

तो ॲप्रनसकट रस्त्यावर आला. टॅक्सीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की बोटांवरचं प्लास्टर वाळून पांढरं झालंय. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, “रंगकाम का?” त्याने मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही कळलं नाही.

आई सामान येतं त्या पट्ट्याशेजारी चाकाच्या खुर्चीत बसली होती. अंगात लोकरी स्वेटर, वर शाल, मांडीवर घडी केलेलं ब्लँकेट, आणि पायाशी एक भलीमोठी पिशवी. पिशवीत दोन वेळचा डबा होता: उकडलेली अंडी, पाव, केळी. एका अंड्यालाही हात लागला नव्हता. तिने जेवणाची वेळ विमानात किती तासांनी होते ते मनाशी ठरवून ठेवलं होतं, आणि ती वेळ आलीच नव्हती. आठ तासांच्या खुर्चीसाठी मानेखाली घ्यायची छोटी उशीसुद्धा होती. उशी नवी होती.

“तुझ्या पाठीला झेपत नाही म्हणालास,” ती म्हणाली. “मग म्हटलं, मी झेपवते. माझी पाठ अजून ठणठणीत आहे. काकांच्या मुलीने तिकीट काढून दिलं. ती म्हणाली साडेबाराला पोचतं. मला वाटलं रात्रीच्या साडेबाराला. म्हटलं, तुला अपरात्री उठवायचं नाही; इथेच बसून राहू, उजाडल्यावर फोन करू.”

ती हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघायची थांबली आणि खिडकीबाहेर उभ्या विमानाकडे बघू लागली. “नवीन असेल ना रे हे विमान? फार वेगाने आलं.”

तिने त्याला सबबीचं दार उघडून दिलं होतं. आत जायचं की बाहेर पडायचं, ते त्याच्यावर होतं.

“हो,” बत्तीशी म्हणाला. “नवीनच आहे.”

घरी सुनेने सासूला मिठीच मारली. जेवताना आईने विमानाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली: पट्टा धरून कशी बसली, सफाईवाला झाडू घेऊन कसा उभा, शेजारच्या बाईने कसं समजावलं. “काय वेग म्हणायचा! चौदा तासांचं तीनवर आणलं त्या नव्या विमानाने.” सून नवऱ्याकडे बघत होती. नवरा ताटाकडे बघत होता. आणि ताटाकडे बघता बघता त्याला दिसलं की आई पावाचा कडक भाग काढून ठेवते, मऊ भाग पाण्यात बुडवते आणि न चावता गिळते.

“कवळी लागते का?”

“नाही रे.”

“आ कर, आई.”

“जेवताना?”

“आ कर.”

तिने नाइलाजाने तोंड उघडलं. ही कवळी त्यानेच केली होती, बरीच वर्षं झाली. हिरड्या झिजतात, कवळी सैल होते, मग आतून तिला नवा थर द्यावा लागतो. हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? खालच्या हिरडीवर डाव्या बाजूला जखम होती. जुनी होती. कडा कडक झाल्या होत्या.

“कधीपासून?”

“झाले असतील सात-आठ महिने.”

“आई! मला सांगायचं ना. दहा मिनिटांचं काम होतं.”

“तुझं दहा मिनिटांचं,” ती तोंड पुसत म्हणाली. “येण्याजाण्याचे दोन दिवस कोण मोजणार? एवढ्याशा दातासाठी तुला कुठे चौदा तास बसवू? पाण्यात भिजवलं की जातो पाव.”

सून उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे भांडी जरा जोरात वाजली. बत्तीशी मोरीपाशी जाऊन साबणाने हात धूत राहिला, आणि या वेळी ते किती धुतले तरी त्याला पुरेना.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन वरच्या खोलीत गेला. माप घेणं डॉक्टरांचं काम, पण डॉक्टर म्हणाले, “तुझ्या आईचं तूच घे, तुझा हात हलका आहे.” फळीवरचे जबडे बघून आई म्हणाली, “एवढी माणसं आणि सगळी गप्प! बरं आहे तुझं.” त्याने तिला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं, गळ्यात रुमाल बांधला, कवळीत आतून मापाचा लगदा भरला आणि ती तिच्या तोंडात अलगद बसवली.

“आता दात दाबून धर. घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही. जीभ पण हलवायची नाही.”

आईने मान डोलावली. बत्तीशी तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर ढकललं. आईचे डोळे त्याच्यावर होते, लहानपणी ताप मोजताना तिचे असायचे तसे.

आणि तो बोलून गेला. ती बोलू शकत नाही, अशीच वेळ त्याने साधली, हे त्याला बोलतानाही कळत होतं.

“आई, ते विमान नवीन नाही. खूप दिवस झाले ते सुरू होऊन. सहा वर्षं. मी त्यातूनच येतो.”

आईचे डोळे हलले नाहीत.

“पहिल्या वेळी सांगणार होतो. तू पाणी काढून ठेवलं होतंस. मग राहिलं. मग सांगवेना. तो घोरणारा माणूस वगैरे काही नव्हता. मी सकाळी निघायचो आणि दुपारी तुझ्याकडे. जाताना पण, तू म्हणायचीस लवकर निघ, मी निघायचो, आणि संध्याकाळी घरी असायचो. पाठीचं पण खोटं. पाठ बरी आहे माझी.”

आईने हात उचलला. त्याला वाटलं ती आता कवळी काढणार, म्हणून तो पटकन म्हणाला, “अजून हलवू नकोस.” तिने हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातावर ठेवला. खालच्या हाताचं मनगट बाहेरच्या बाजूला किंचित वळलेलं होतं. ते तसंच जुळलं होतं. त्याची नजर तिथे गेली, आणि तिने ती जाताना पाहिली.

मग दोघेही लगदा घट्ट व्हायची वाट बघत बसले. इतका वेळ कधी कुठल्या मापाला लागला नव्हता.

शेवटी त्याने कवळी काढून घेतली. आईने चूळ भरली, रुमालाने ओठ टिपले. दात नसलेल्या तोंडाने ती एकदम फार म्हातारी दिसली. शब्द मऊ, हवेत सुटल्यासारखे आले.

“मनगट मोडलं तेव्हा होतं का ते विमान?”

“होतं.”

“सरळ?”

“सरळ.”

“मी तुलाच समजावत होते तेव्हा,” ती म्हणाली. “दवाखान्यात हाड बसवत होते, आणि मी काकांना म्हणत होते, त्याला सांगू नका किती दुखतंय, तो उगाच निघेल.”

“आई, माझं चुकलं.”

“हो,” आई म्हणाली. “चुकलं.”

तिने ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. तो तेवढ्या एका शब्दाची वाट बघत होता, आणि तो शब्द आला नाही. ती म्हणाली, “कवळी कधी मिळेल?”

“संध्याकाळपर्यंत.”

“मग उद्या जाते मी घरी.”

“आई, कालच तर आलीस! राहा की आठ दिवस.”

“कशाला?” ती उठून उभी राहिली आणि रुमालाची घडी घालू लागली. “जवळच तर आहे.”

त्या दिवशी बत्तीशीने दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावला नाही. कवळीला नवा थर दिला, घासली, चकाकी आणली, बोट फिरवून खरखर शोधली, पुन्हा घासली. आईने ती घालून बघितली आणि सुनेने दिलेलं सफरचंद कराकरा चावून खाल्लं. “छान झालीय,” ती म्हणाली. कारागिराला म्हणतात तसं. दुसऱ्या दिवशी तिला विमानतळावर सोडताना त्याने पिशवी उचलली. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण नेहमीपेक्षा कमी वेळ.

पुढचे सहा आठवडे तो फोन करायचा आणि ती बोलायची. हवा कशी आहे, सून कशी आहे, कवळी कशी आहे. सगळ्याची उत्तरं मिळत. तिच्याकडून एकही प्रश्न येत नसे. बायको म्हणाली, “फोनवर काय बसलाय, जा.” तो गेला. आईने दार उघडलं, “आलास? बस,” म्हणाली आणि चहा टाकला. टब भिंतीला उभा करून ठेवलेला होता. दमलास का, असं तिने विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं काही नव्हतंच. तो खरोखर दमलेला नव्हता. इतकी वर्षं फुकट मिळालेली ती दगदगीची माया आता कुठल्याही तिकिटावर मिळणार नव्हती, हे त्याला त्या चहाच्या पहिल्या घोटालाच कळलं.

संध्याकाळी जिन्यात पोस्टमनकाका भेटले. खांद्यावर थाप मारून म्हणाले, “काय रे, ते नवीन विमान फार वेगवान म्हणे! तुझी आई सगळ्यांना सांगत असते.”

म्हणजे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. बत्तीशीच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. हो म्हणणं अगदी सोपं होतं.

“काका, नवीन नाही ते. सहा वर्षं झाली. मीच आईशी खोटं बोललो.”

काकांनी जिन्याचा कठडा धरला आणि एक पायरी खाली उतरून उभे राहिले. “मला माहीत आहे,” ते म्हणाले. “मुलीने तिकीट काढलं तेव्हाच कळलं. म्हटलं, मायलेकांच्या मध्ये आपण कशाला शहाणपणा करा. पण खरं सांगू का? तिला दवाखान्यात नेलं होतं ना मी, त्या दिवसाचं आठवून मला तुझा फार राग आला होता.”

“अजून आहे?”

“थोडा आहे,” काका म्हणाले आणि खाली गेले.

त्यानंतर बत्तीशी दर दोन महिन्यांनी जाऊ लागला. डॉक्टरांना पहिल्यांदा ‘नाही’ म्हणाला तेव्हा घसा कोरडाच पडला होता, पण म्हणाला. आई त्याला कधी टोचून बोलली नाही. त्यानेच वाट बघितली, की ती एकदा तरी भांडेल, खडसावेल, म्हणजे फेडल्यासारखं होईल. ती भांडली नाही. तिने फक्त त्याला सांभाळून घेणं सोडलं होतं. पूर्वी दुखलंखुपलं लपवायची, आता बेधडक सांगायची. गुडघा सुजला आहे. रात्री खोकला येतो. एकदा तर कामावर फोन आला.

“स्वयंपाकघरातला नळ गळतोय.”

“प्लंबरला बोलाव ना, आई. कोपऱ्यावरच आहे त्याचं दुकान.”

“तो आहे. पण तू ये.”

तो उभ्या उभ्या थबकला. नळासाठी विमानाने जायचं! आजूबाजूचे जबडे वाळत होते, टेबलावर एका माणसाचे पुढचे सहा दात अर्धवट बसवलेले होते. त्याच्या ओठांवर तीन-चार सबबी आपोआप येऊन उभ्या राहिल्या, अगदी ओळीत.

“उद्या येतो,” तो म्हणाला.

“किती वाजता पोचतं?”

“साडेबाराला. दुपारच्या.”

“बरं. जेवायला थांबते,” आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बायकोला हे सांगितलं तेव्हा तिने हातातली उशीची खोळ झटकली आणि एवढंच विचारलं, “तुम्हाला नळ दुरुस्त करता येतो का?”

त्याला येत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो आईच्या स्वयंपाकघरात सिंकखाली उताणा पडून पान्याशी झटत होता, आणि पाणी बाहीतून काखेपर्यंत उतरत होतं. आई शेजारी खाली बसून बॅटरी धरून होती. नट एकदा उलटा फिरला आणि दोघांच्या तोंडावर फवारा उडाला. तिने पदराने आधी स्वतःचा चेहरा पुसला, मग जरा थांबली, आणि मग त्याचा.

“डावीकडे फिरव,” ती म्हणाली.

त्याने डावीकडे फिरवला.